त्याच्या बाटलीतली गोळी

टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी पडले होते. शिलाईवालीच्या नवऱ्याच्या कागदावर लिहिलं होतं, ‘विषाणू सापडला नाही’. तिच्या स्वतःच्या कागदावर विषाणूंचा आकडा, चोवीसशे.

एचआयव्ही घरात आणला त्यानं. गोळी चुकू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून जपली तिनं. आणि करून सवरून नामानिराळा कोण, तर हा!

“तीन महिन्यांनी पुन्हा तपासू,” डॉक्टर तिला म्हणाले. “आकडा उतरला नाही, तर औषध बदलावं लागेल.”

घरी थोरली जाऊ म्हणाली, “भाऊजींच्या तोंडावर काय तेज आलंय गं!” शिलाईवालीनं दातानं दोरा तोडला. त्याचं जेवण गोड, त्याची झोप गाढ. तिच्या जिवाला मात्र सुईची टोचणी. बाटल्याही दोन, त्याची वेगळी, हिची वेगळी. त्याच्याच बाटलीत काही खास असणार! चार दिवस तिनं गुपचूप त्याच्या बाटलीतली गोळी घेतली.

पंचविसाव्या दिवशी दवाखान्यात समुपदेशक ताईंनी तीस-तीस गोळ्यांच्या त्या बाटल्या ताटलीत ओतून मोजल्या. पाच-पाच उरायला हव्या होत्या. त्याची उरली एक, हिच्या नऊ.

“चार दिवस चुकवलेत तुम्ही?” ताईंचा आवाज चढला. “आणि दादा, तुम्ही काय दुप्पट खाताय?”

“अहो, मी नाही!” नवरा गडबडला.

चुकवल्याचा शिक्का बसला तर इतक्या दिवसांचं जपणं पाण्यात. शिलाईवाली मान खाली घालून म्हणाली, “मी ह्यांच्यातल्या घेतल्या. ह्यांना गुण आला ना!”

ताई हसता हसता खुर्चीत मागे रेलल्या. “अहो, औषध एकच आहे! बरं, घेता कशी?”

“पहाटे उपाशीपोटी. बरोबर कॅल्शियमची गोळी. गुडघ्यांसाठी ह्यांनीच आणलीय.”

ताईंचं हसू थांबलं. “तिथंच पाणी मुरतंय. रिकाम्या पोटी कॅल्शियम हे औषध अंगी लागूच देत नाही. ही गोळी पहाटे घ्या, कॅल्शियम संध्याकाळी.”

नवऱ्याचा चेहरा एवढासा झाला. “अगं, मी मायेनं आणली होती.”

“तुमची मायासुद्धा मलाच बाधते,” ती म्हणाली. पण पायऱ्या उतरताना त्यानं पुढे केलेला हात तिनं धरला.

तीन महिन्यांनी कागद आला. ‘विषाणू सापडला नाही.’ तिनं दोनदा वाचला, पदरानं डोळे टिपले.

“ताई, हे ह्यांच्यापेक्षा कमी ना?”

“दोघांचं सारखंच हो.”

“सारखंच?” तिनं नवऱ्याकडे तिरकं पाहिलं. “नीट बघा बाई. थोडं तरी कमी असेल.”