घट्ट घडीची चिठ्ठी

वाचनालयाच्या पुस्तक मंडळाचा एक नियम फार कडक होता, आणि तो ग्रंथपाल बाईंनी स्वतःच केलेला होता. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी चारला सगळ्यांनी वाचनकक्षात जमायचं. पुढच्या महिन्यात कुठलं पुस्तक वाचावं ते ज्याने त्याने चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठ्या बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या, आणि बाईंनी डोळे मिटून एक उचलायची. ज्याची चिठ्ठी निघेल त्याने पुढच्या बैठकीत सगळ्यांच्या आधी पंधरा मिनिटं बोलायचं. तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणीही तोंड उघडायचं नाही. मंडळातले निवृत्त दंतवैद्य म्हणायचे, "जन्मभर मी लोकांना तोंड उघडायला लावून गप्प बसवलं, आता ते माझ्यावर उलटलंय."

नियम कडक होता, पण चिठ्ठीत लबाडी होती. बाई डोळे अगदी मनापासून मिटत. हात मात्र उघड्या डोळ्यांचा होता. बारा वर्षं त्याच माणसांच्या चिठ्ठ्या हाताळल्यावर कुणाची कुठली हे बोटांना आपोआप कळत होतं. दंतवैद्य चिठ्ठीची कापसाच्या बोळ्यासारखी गोळी करत. भूगोलाचे सर नकाशासारखी लांबरुंद घडी घालत आणि ती डब्यात धड मावतही नसे. बाई त्यातून हवी ती उचलत आणि नको ती सोडत. आपला हात जगन्नाथ.

यात बाईंचा स्वतःचा काही फायदा नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मागे एकदा नशिबावर भरवसा ठेवून चिठ्ठी काढली होती, तेव्हा एक जाडजूड, रडकं पुस्तक निघालं आणि पुढच्या बैठकीला सहा टाळकी आली. कार्यकारिणीचे अध्यक्ष टपूनच बसले होते. त्यांना त्या खोलीत संगणकाचे वर्ग भरवायचे होते. लागोपाठ तीन महिने दहापेक्षा कमी माणसं आली तर खोली काढून घेऊ, असं त्यांनी लेखी दिलं. तेव्हापासून मंडळाने चोरीच्या तपासाच्या गोष्टी वाचल्या, प्रवासवर्णनं वाचली, हसवणारी पुस्तकं वाचली, आणि हजेरी कधी अकराच्या खाली आली नाही. मंडळ टिकलं. मंडळ कशासाठी टिकवायचं असतं, हा प्रश्न बाईंनी स्वतःला विचारला नाही. कामाच्या माणसाला असले प्रश्न सुचत नाहीत.

या सगळ्यात एक चिठ्ठी हाताला लागताक्षणी बाईंची बोटं बाजूला होत. ती काजवाल्या काकूंची. काकूंनी पस्तीस वर्षं शिंप्यांसाठी घरबसल्या सदऱ्यांना काजं केली होती. त्या कागदाला चार घड्या घालत आणि प्रत्येक घडीवरून अंगठ्याचं नख फिरवत. चिठ्ठी बटणासारखी टणक होई. आत दर महिन्याला एकाच पुस्तकाचं नाव असे. सहाशे चाळीस पानांची ती एक जुनी कादंबरी. बाईंनी एकदा ती वाचायला घेतली होती आणि साठाव्या पानावर सोडून दिली होती. तिच्यात खून नव्हता, प्रवास नव्हता. एक बाई घरात वावरत होती आणि तिच्याशी कुणी बोलत नव्हतं, एवढंच चाललं होतं. हे पुस्तक निघालं तर मंडळाचं दिवाळंच निघेल, असं बाईंना वाटलं.

काकू बैठकीत फारशा बोलत नसत. दुसऱ्यांची पंधरा मिनिटं मन लावून ऐकत, शेवटी खुर्च्या सरळ करायला थांबत. एकदा सगळे गेल्यावर त्यांनी विचारलं, "माझी चिठ्ठी कधी निघतच नाही हो?"

"नशिबाचा खेळ काकू," बाई म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात निघेल बघा." आणि त्यांच्या हातात एक विनोदी पुस्तक ठेवलं. काकूंनी ते पिशवीत टाकलं आणि दोन दिवसांनी परत केलं.

काकू मंडळात आल्यापासून असे सव्वीस महिने गेले. शेवटच्या दोन बैठकांना काकू भिंतीचा आधार घेत घेत आल्या. तेव्हाही त्यांनी चिठ्ठी टाकली, आणि बाईंच्या बोटांनी तेव्हाही ती टाळली. सत्ताविसाव्या महिन्यात काकूंची खुर्ची रिकामी राहिली. त्या गेल्याचं भूगोलाच्या सरांनी सांगितलं. दोन मिनिटं सगळे उभे राहिले आणि मग एका बेटावरच्या प्रवासाबद्दल चर्चा सुरू झाली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी एक उंच, थोडे वाकलेले गृहस्थ काकूंचं सभासदपत्र घेऊन बाईंच्या टेबलापाशी आले. ते काकूंचे यजमान. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांचं नोकरीचं सगळं आयुष्य गेलं होतं. अजूनही खोलीत शिरताना ते आधी उंबरठ्याकडे आणि मग छताकडे बघत.

"आमची ही इथे यायची," ते म्हणाले. "तिला एक पुस्तक हवं होतं. नाव मला ठाऊक नाही."

बाईंना ते तोंडपाठ होतं. त्यांनी उठून पुस्तक आणून दिलं. काकांनी ते दोन्ही हातांनी तोलून बघितलं.

"एवढं मोठं?"

"हो. तुम्ही वाचता का काका?"

"नाही हो. वर्तमानपत्र वाचतो, तेही मागून पुढे." मग म्हणाले, "मी तिला विचारलं होतं, काय आहे त्या पुस्तकात एवढं? तर म्हणाली, घरी नाही सांगायची. माझी चिठ्ठी निघाली की मी तिथे बोलणार आहे, तेव्हा या आणि मागे बसून ऐका. मी म्हटलं, येईन. दर शेवटच्या शनिवारी ती घरी आली की मी विचारायचो, निघाली का? ती म्हणायची, पुढच्या महिन्यात."

बाईंनी रजिस्टर ओढून घेतलं आणि नोंद करायला म्हणून मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

काका रोज दुपारी येऊन खिडकीपाशी बसू लागले. घरी वाचवत नाही, म्हणाले. ओळीखाली बोट धरून ते वाचत, पान उलटताना बोट ओठाला लावत. बाई लांबून बघत राहायच्या. आज सांगून टाकू, असं त्या रोज सकाळी ठरवायच्या आणि संध्याकाळी कुलूप लावताना उद्यावर ढकलायच्या. मनाला समजवायलाही त्यांच्यापाशी पुष्कळ होतं: म्हातारा माणूस, ताजं दुःख, आता सांगून काय उपयोग. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं होतं. काकांनी नुसतं वर पाहिलं तरी त्यांना वाटायचं, यांना कळलं.

एका गुरुवारी काका पुस्तक उघडंच घेऊन टेबलापाशी आले. पानावर अंगठा दाबून धरला होता.

"बाई, हे तुम्ही वाचलंय ना?"

"एवढ्या पुढचं नाही आठवत," बाई म्हणाल्या.

"ही बाई तान्ह्या मुलाचे कपडे धुऊन वाळत घालते. मूल नसतंच. गेलेलं असतं. तरी दर आठवड्याला धुते, घडी करते, परत ठेवते. घरात सगळे बघतात आणि कुणी काही बोलत नाही." काका खुर्चीवर बसले. "आमचंही एक होतं. मुलगी. नऊ दिवसांची. चौतीस वर्षं झाली. मी दहाव्या दिवशी पाळणा दुकानात परत देऊन आलो आणि अकराव्या दिवशी कामावर गेलो. हिने कधी विषय काढला की मला कुठेतरी लिफ्ट अडकलेली असायची. खरंच असायची असंही नाही."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तिला हेच बोलायचं असेल ना?" काकांनी विचारलं. "की दुसरं काही?"

"हेच असेल," बाई म्हणाल्या. हे बोलायचा त्यांना काडीचाही अधिकार नव्हता.

त्या महिन्याच्या बैठकीला काकाही आले. काकूंच्या जागी त्यांना सभासद करून घ्यायला कुणाची हरकत नव्हती. त्यांनी चिठ्ठी लिहिली, एकदाच दुमडली आणि डब्यात टाकली. बाईंनी डोळे मिटले. या वेळी बोटं ती सैल चिठ्ठी शोधत गेली आणि शोधून बाहेर आली. त्यांनी नाव वाचून दाखवलं. दंतवैद्यांनी पानं किती ते विचारलं आणि ऐकून कपाळाला हात लावला. काका मात्र एकदम उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बघा हो," ते सगळ्यांना म्हणाले, "तिची सव्वीस महिने निघाली नाही आणि माझी पहिल्या फटक्यात निघाली."

सगळ्यांना भरून आलं. भूगोलाच्या सरांनी त्यांचा हात हातात घेतला. तिथे खरं सांगणं बाईंना जमलं नाही. आपण चूक निस्तरली, आता प्रकरण मिटवावं, असंही त्यांना क्षणभर वाटून गेलं.

पुढच्या बैठकीला सातजण आले. बाईंचा हिशेब चुकला नव्हता. अध्यक्षांनी दारातून डोकावून माणसं मोजली आणि ते निघून गेले. काका इस्त्रीचा सदरा घालून आले होते. सदऱ्याची काजं बारीक, एकसारखी, हाताने घातलेली होती. बाईंनी घड्याळ बघून सुरू करा म्हटलं.

काका उभे राहून बोलले. बसून बोललं तरी चालतं असं सांगूनही बसले नाहीत. त्यांनी पुस्तकातल्या त्या कपडे धुणाऱ्या बाईबद्दल सांगितलं. मग नऊ दिवसांबद्दल सांगितलं. मुलीचं नाव ठेवायचं राहून गेलं होतं, पण काकू मनातल्या मनात तिला काहीतरी म्हणत असाव्यात, कारण झोपेत त्यांचे ओठ हलायचे. काय म्हणायच्या ते काकांनी कधी विचारलं नाही. मग परत दिलेल्या पाळण्याबद्दल सांगितलं. दंतवैद्य खाली मान घालून बसले होते.

"एवढंच मला माहीत आहे," काका शेवटी म्हणाले. "किती वेळ झाला?"

बाईंनी बोटांनी चार मिनिटं झाल्याचं दाखवलं.

"चारच? तिच्यापाशी पंधरा मिनिटांचं होतं. जास्तच असेल. बाकीचं तिच्याबरोबर गेलं." त्यांनी पुस्तक मिटलं. "मी तिला चिडवायचो, तुझं नशीबच फुटकं, लोकांच्या निघतात आणि तुझी कशी निघत नाही. शेवटी शेवटी तीही तसंच म्हणायला लागली. दवाखान्यात म्हणाली, राहू द्या, आपलं नशीबच नाही बोलायचं. आता नशिबाला कोण काय करणार?"

तेव्हा बाईंनी स्वतःचा नियम मोडला.

"नशीब नव्हतं काका," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. "नशीब नव्हतं. मीच काढत नव्हते. त्यांची चिठ्ठी मला हाताला कळायची. पुस्तक जाड आहे, लोक येणार नाहीत, खोली जाईल, म्हणून मी ती बाजूला सारायचे. दर वेळी. तुमची काढली तीही ओळखूनच."

काका बाईंकडे बघत राहिले. रागावल्यासारखे दिसत नव्हते. एखादं यंत्र नेमकं कुठे बिघडलंय ते सापडलं पण दुरुस्त होणार नाही हेही कळलं, की कारागीर ज्या नजरेने बघतो तसं बघत होते.

"एकदाही नाही?" त्यांनी विचारलं.

"एकदा डोळे उघडायच्या आत हातात आली होती. मी सोडून दिली."

"ती कधी होती?"

"शेवटच्या महिन्यात," बाई म्हणाल्या. खोटं बोलायची सवय त्यांच्या जिभेला होती, पण या वेळी ती कामी आली नाही.

काकांनी मान हलवली. पुस्तक टेबलावर ठेवलं, त्यावर काकूंचं सभासदपत्र ठेवलं, आणि खुर्चीच्या पाठीवरची पिशवी उचलली.

"मी घरी ऐकून घेत नव्हतो," ते म्हणाले, "म्हणून तर ती तुमच्याकडे यायची."