उंच तारा

त्या शनिवारी मी माहेरी गेले तेव्हा बाबा गॅलरीत गिटार वाजवत बसले होते. ती आडवी मांडीवर ठेवायची आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवायची. हवाईयन म्हणतात ती. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून हा त्यांचा रोजचा कार्यक्रम. मी समोर मेथी निवडत होते.

"समोरचे दिगंबरकाका खिडकी लावून घेतायत," मी म्हणाले.

"डास येतात," बाबा म्हणाले आणि पुढचं कडवं सुरू केलं.

आमच्या घरात कौतुक तोंडावर करायची पद्धत नव्हती. चेष्टा केली की ऐकतोय हे कळायचं, तेवढं पुरायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दूध आणायला गेले. चौकात छातीत कळ आली आणि तिथेच संपलं.

पावसाळा सरेपर्यंत गिटार कपाटावर होती. मग आईच म्हणाली, "अपूर्वाला दे. नीट करून घे, वाजती तरी राहील." माझी मुलगी गिटारच्या क्लासला जाते, तिची नेहमीची, बोटांनी तारा दाबायची.

सदाशिव पेठेत एका जिन्याखाली सलिल गिटारी दुरुस्त करतो. आईने माझ्या मुलीसाठी नीट करून घ्यायला सांगितलीय, असं मी त्याला म्हणाले. त्याने गिटार उजेडात धरली.

"ताई, तारा केवढ्या वर! खालून मांजर जाईल. मान थोडी वाकलीय, ती होईल सरळ. पण मानेवरचे हे धातूचे पडदे बघा, कोरे करकरीत. जुनी आहे, पण वाजवलेली नाही कुणी. शोपीस होती का?"

"रोज वाजायची."

"असेल," तो म्हणाला. अजिबात विश्वास न ठेवता.

मी गिटार त्याच्या हातून घेतली, मांडीवर आडवी ठेवली आणि टेबलावरचा एक गुळगुळीत पाना तारेवरून सरकवला. बेसूर, लांबलचक आवाज निघाला.

"अरे, हवाईयन!" सलिल हसला. "मग तारा पडद्यांना टेकतच नाहीत, ते झिजणारच नाहीत. चुकलं माझं. तारांखालची ही उंच पट्टी काढली की साधी गिटार होईल. मुलीला वाजवता येईल. काढू?"

पाना अजून माझ्या हातात होता. तारा खाली आल्या, की पुढे जो कुणी ती उचलेल तो सलिलसारखंच 'वाजवलेली नाही कुणी' म्हणेल, आणि त्याला खोडून काढायला गिटारवर काहीच उरलेलं नसेल.

"नको. मान सरळ करा, तारा नव्या लावा. उंची आहे तीच ठेवा. मुलीला दुसरी घेऊ."

"आईंना चालेल?"

"मी सांगेन तिला."

तो खुंट्या सैल करू लागला. "कोण वाजवायचं?"

"माझे वडील."

"कसं वाजवायचे?"

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. बाबांनीही नाही.

"सुंदर," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच लागला. "फार सुंदर वाजवायचे."