घोट्याची दोरी

आमच्या खाडीकाठच्या गावात सगळी पोरं दोरीला वाढली. मीसुद्धा. मिठागराच्या हंगामात बाया सकाळपासून खाऱ्या पाण्यात उभ्या, म्हणून लहान पोराला झोपडीच्या खांबाला बांधायचं. आधी घोट्याला चिंधी गुंडाळायची, मग वर सैल गाठ, आणि थोड्या थोड्या वेळाने येऊन बघून जायचं. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. तिथेच आम्ही फसलो.

शहाण्णव साली मी गावची अंगणवाडी चालवत होते. आषाढात वजनं घेताना हरेश त्याच्या किमयाला घेऊन आला. तीन वर्षांची पोर, वजन साडेआठ किलो. घोट्यावर लाल वळ होता. मिठागरावरची दोरी असेल, असं मनात म्हटलं, वजन लिहिलं आणि पुढचं पोर घेतलं. मिठागर बंद होऊन दोन महिने झाले होते, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. मोठी शिकलेली बाई!

हरेशची बायको शांती आदल्या दिवाळीत काविळीने गेली होती. तो धाटावला कंपनीत जायचा. जाण्यायेण्यातच तीन तास जात, त्यात डबल शिफ्ट लागली की दिवसभर घर बंद. शेजारी त्याची चुलती धोंडुबाई. तिला वाटायचं, पोर अंगणवाडीत जेवते. मला वाटायचं, धोंडुबाई भरवते.

श्रावणात किमया वजनाला आली नाही. मी घरी गेले तर दाराला कुलूप. हाका मारल्या. आतून बारीक कण्हणं आलं आणि मग तेही थांबलं. मी तशीच धावत गावकीच्या पंचांकडे, महिपतीकाकांकडे गेले.

"हरेश आला का बोलू," ते म्हणाले. "दुसऱ्याचा कुलूप तोडायचा नाय. बाप हाय तो."

"तो रात्री येल. पोरगी आवाज देत नाय, काका."

"भावकीचं हाय गो ते. तू मधी पडू नको."

माझं डोकंच फिरलं. "बरं, नाय पडत. मेली तर खड्डा खणायला गावकीच येल ना?"

ते छत्री घेऊन माझ्या मागे निघाले. आम्ही पोचलो तेव्हा माझ्या हाका ऐकून धोंडुबाई घरातला वरवंटा घेऊन हरेशच्या दारात उभी होती. तिने कुणालाच विचारलं नाही. दोन घावांत कुलूप तुटलं.

किमया खांबापाशी पडली होती. नायलॉनची दोरी, करकचून गाठ, खाली चिंधी नाही. दोरी मांसात रुतली होती. बाजूच्या ताटलीतल्या भाताला मुंग्या लागल्या होत्या. महिपतीकाकांनीच कोयत्याने दोरी कापली आणि तिला उचललं. मिठाच्या टेम्पोतून आम्ही तिला पेणला दवाखान्यात नेलं. पाय वाचला, पण त्या पायाची टाच पुन्हा कधी जमिनीला टेकली नाही.

हरेश कंपनीच्या कपड्यांतच दवाखान्यात आला.

"घरामागं भरतीचं पाणी येतं," तो म्हणाला. "तिची आय बांधायची, म्हणून मी पण बांधली."

"आणि चिंधी?"

"चिंधी कसली?"

त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं. पण त्याला खरंच ठाऊक नव्हतं, आणि शांती गेल्यानंतरच्या नऊ महिन्यांत आमच्यातली एकही बाई त्याला सांगायला गेली नव्हती. पोलिसांनी त्याला दोनदा बोलावलं. आम्हाला कुणी बोलावलं नाही.

त्यानंतर गावकी बसली. पोर बांधायचं नाही, कोंडायचं नाही. हरेशने शिफ्टला जाताना किमयाला धोंडुबाईकडे सोडायचं. हंगामात मिठागरावर एक मांडव घालायचा, रोज दोन बायांनी पाळीने पोरं सांभाळायची, आणि त्यांची मजुरी बाकीच्यांनी भरायची. मजुरीवरून महिपतीकाका तासभर भांडले, पण बायांच्या बाजूने.

पौषात मांडव घातला. पहिल्या दिवशी पाळी माझी आणि धोंडुबाईची होती. किमया लंगडत आत आली. बाकीची पोरं वाळूत खेळत होती, ती सरळ मधल्या खांबापाशी गेली आणि पाठ टेकून बसली. मग माझ्याकडे बघत तिने पाय पुढे केला. दुखावलेला नाही, चांगला.

"दोरी नाय गो बाय, आता दोरी नाय," मी म्हटलं.

तिने पाय मागे घेतला नाही. मी बांधायची वाट बघत ती दुपारपर्यंत तशीच बसून राहिली.