जमिनीपर्यंत न पोचलेली हिरवी वायर

मी हिरवी वायर बोलतेय. घाबरू नका, माझ्या अंगात वीज नसते. निदान नसायला हवी. लाल वायर वीज आणते, काळी ती परत नेते आणि मी दोघींच्या शेजारी हातावर हात ठेवून बसते. पण फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन यांपैकी कुणाच्या पोटात काही बिघडलं आणि वीज वाट चुकून पत्र्यावर आली, तर तिला जमिनीत नेऊन सोडायचं, माणसाच्या अंगावर जाऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठी माझा जन्म. म्हणून मला अर्थिंगची वायर म्हणतात.

माझं दुखणं असं, की मी जमिनीपर्यंत कधी पोचलेच नाही.

कारखान्यात तांब्याच्या तारा ओढून, पिळून त्यांच्यावर गरम हिरवं प्लास्टिक चढवलं, तेव्हा आपल्याला पुढे कुणाचा जीव वाचवायचाय हे कळून मी खूश झाले होते. मग दुकानात काही काळ खुंटीला टांगलेली होते. एके दिवशी मामा आले आणि मला खांद्यावर टाकून घेऊन गेले.

मामा म्हणजे या घरातल्या आईचे धाकटे भाऊ. त्यांचं दुकान शिवणयंत्रं दुरुस्त करायचं, पण हात सगळीकडे चालायचा. गळका नळ, रुसलेलं घड्याळ, न लागणारं दार, काहीही असो, मामांना बोलवा. बहिणीने घराच्या मागच्या बाजूला नवं स्वयंपाकघर आणि बाथरूम बांधलं, तेव्हा वायरिंगचा विषय निघताच मामा म्हणाले, "इलेक्ट्रिशियन कशाला? मी काय मेलोय का?"

"असलं अभद्र बोलू नकोस रे," आई म्हणाली, पण तिचा चेहरा फुलला होता.

मामांनी मन लावून काम केलं. पाइपातून आम्हा तिघींना ओढलं, प्रत्येक प्लगला जोडलं. माझी टोकं फ्रिजपाशी, वॉशिंग मशीनपाशी आणि बाथरूममध्ये गीझरपाशी आली. तिथूनच मला हे घर दिसतं, ऐकू येतं. पण दुसऱ्या बाजूने आम्ही जुन्या बोर्डापाशी पोचलो आणि मामा थबकले. लाल आणि काळी लागल्या आपापल्या जागी. मला जागाच नव्हती. घराच्या जुन्या भागात अर्थिंग मुळात केलेलंच नव्हतं. मला जमिनीत न्यायचं तर मागचं अंगण खणायला हवं होतं आणि गिलावा करणारा गवंडी तर घमेलं घेऊन दारात उभा.

"बघू नंतर," मामा स्वतःशी पुटपुटले. पकडीने त्यांनी माझं टोक कापलं, वाकवलं आणि विटांच्या फटीत कोंबलं. वरून गिलावा बसला.

मग त्यांनी हाक मारली, "अक्का, दाब बटण!" दिवा लागला, पंखा फिरला. बाबांनी मेव्हण्याच्या पाठीवर थाप मारली. मला न जोडल्याने कुणाचं काही अडलं नाही. माझ्यावाचून सगळं चालतं, हीच तर खरी भीती आहे.

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला.

पहिली काही वर्षं ठीक गेली. फ्रिजच्या पत्र्याला ओला हात लागला की बोटांना झिणझिण्या यायच्या, एवढंच. आई म्हणायची, "फ्रिज चावतो." बाबांना हसू यायचं. त्यांनी फ्रिजसमोर रबरी चपलांचा एक जोड कायमचा ठेवून दिला. पाहुणा पाणी घ्यायला उठला की बाबा म्हणायचे, "थांबा, आमच्या फ्रिजच्या दर्शनाला चपला घालून जावं लागतं." पाहुणे हसायचे, चपला घालायचे, पाणी प्यायचे. माणसाला कशाचीही सवय होते हे मी भिंतीत बसून पाहिलं. कुणी एकदाही विचारलं नाही, की फ्रिज चावतो तरी का?

मग गीझर म्हातारा झाला. त्याच्या आतली पाणी तापवणारी कांडी गंजून चिरली आणि वीज पाण्यात, पाण्यातून पत्र्यावर झिरपू लागली. पत्र्यावर आली ती माझ्या हातात आली. मी तिला घेऊन धावले. पण नेणार कुठे? पुढे विटा होत्या. माझ्या दुसऱ्या टोकांची वाट तेवढी मोकळी होती, फ्रिजकडे जाणारी आणि वॉशिंग मशीनकडे जाणारी. बिघाड एकट्या गीझरचा, आणि तो मीच घरभर वाटत सुटले. जिला रक्षणासाठी आणलं, तिच्याच हातून हे होत होतं. माझ्या अंगाची नुसती काहिली व्हायची.

एका सकाळी आईने ओल्या हाताने वॉशिंग मशीनचं झाकण उचललं आणि ती एकदम मागे फेकली गेली. बादली पडली, पाणी सांडलं. बाबा धावत आले. "काही नाही, चक्कर आली असेल," आई दंड चोळत म्हणाली. "अशक्तपणा. दुसरं काय?" बाबांनी तिला लिंबूपाणी दिलं. मी भिंतीत ओरडत होते, पण वायरीचं ओरडणं ऐकणार कोण?

त्याच सुमारास लेक माहेरी आली, छकुलीला घेऊन. छकुली नुकतीच उभं राहायला शिकत होती. समोर येईल त्याला धरून उठायची. खुर्ची, आजीचा पदर, दाराची चौकट. रांगत रांगत ती स्वयंपाकघरात आली की माझा जीव खालीवर व्हायचा. कुणीतरी तिला मधेच उचलायचं आणि मी सुटकेचा निःश्वास टाकायचे. पुन्हा ती यायची. लेकराला कोण किती वेळा उचलणार?

शेवटी कामाला आली ती स्वयंपाकघरातली ट्यूब. ती फडफडायला लागली. मामा त्या दिवशी दुकानात अडकले होते, म्हणून बाबांनी फ्यूजताईंना बोलावलं. फ्यूजताई म्हणजे पलीकडच्या रस्त्यावर राहणाऱ्या इलेक्ट्रिशियन. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, ठसका मात्र सगळ्यांना ठाऊक होता. त्यांनी ट्यूब बदलली, स्टुलावरून उतरल्या आणि त्यांची नजर खाली गेली.

"या चपला इथे कशाला?"

बाबांनी नेहमीची गंमत सांगितली. फ्यूजताई हसल्या नाहीत. त्यांनी खिशातून टेस्टर काढला आणि फ्रिजच्या पत्र्याला लावला. टेस्टरमधला बारका दिवा लख्ख पेटला. मशीनला लावला, तिथेही पेटला. मग त्या बाथरूममध्ये गेल्या, गीझरचं बटण बंद केलं आणि परत येऊन फ्रिजला टेस्टर लावला. आता दिवा जेमतेम मिणमिणला.

"गीझर तिकडे बिघडलाय आणि मार इकडे बसतोय," त्या म्हणाल्या. "अर्थिंग कुठे नेलंय याचं?"

 फ्यूजताई तडक मीटरपाशी गेल्या आणि मेन फ्यूज काढून मुठीत घेऊन आल्या. पंखे हळूहळू थांबले.

तेवढ्यात मामा आले. काय झालं ते ऐकून त्यांचा चेहरा लाल झाला. "हे वायरिंग मी केलंय बाई. इतक्या वर्षांत कुणाच्या केसाला धक्का लागला नाही."

"मग चपला कुणाच्या केसांसाठी ठेवल्यात?"

आईला भावाचा अपमान सहन होईना. "ताई, तुम्ही ट्यूब बसवलीत, उपकार झाले. आता तो फ्यूज लावा. माझ्या भावाने मायेने केलंय सगळं. नातीचं दूध नासेल."

"दूध नासू द्या, मावशी."

"लावा तो फ्यूज!" मामांचा आवाज चढला. त्यांनी चपला काढून भिरकावल्या आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहिले. "गीझरही चालू करा. मी दोन्ही हातांनी फ्रिज धरून दाखवतो. बघू काय होतं ते."

 फ्यूज लागला असता तर ती वीज मीच त्यांच्या हातात दिली असती. फ्यूजताईंनी मूठ आणखी घट्ट केली. "नाही लावणार. हवं तर हाकलून द्या मला, पण फ्यूज घेऊन जाईन. नाहीतर भिंत फोडा आणि ती हिरवी वायर कुठे जाते ते मला दाखवा. जमिनीत गेलेली दिसली तर तुमच्या पाया पडेन."

मामा भिंतीपाशी गेले.  मग त्यांनी स्वतःच छिन्नी-हातोडी मागितली. जागा शोधावी लागली नाही, पहिल्याच घावाला गिलावा ढासळला. कितीतरी वर्षांनी माझ्या टोकाला उजेड लागला. कापलेलं, वाकलेलं, काळं पडलेलं टोक.

मामांनी मला दोन बोटांत धरलं. "नंतर जोडणार होतो," ते इतक्या हळू म्हणाले, की मलाच काय ते ऐकू आलं असेल.

मागे काहीतरी खुडबुडलं. सगळ्यांचं लक्ष भिंतीत असताना छकुली रांगत आली होती. वॉशिंग मशीनच्या पत्र्याला दोन्ही तळवे लावून ती उभी राहिली आणि 'बघा मला' अशा थाटात हसली. घरात वीज नव्हती म्हणून ती हसू शकली. लेकीने झेप घेऊन तिला छातीशी धरलं. मामा होते तिथेच, ओल्या फरशीवर, मटकन बसले.

आई त्यांच्याजवळ गेली. "असू दे रे. तू का मुद्दाम केलंस?"

मामांनी मान वर केली. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "अक्का, एकट्या इथलंच नाही गं. धाकट्या काकूंकडे मीच केलंय. माझ्या दुकानाच्या जागेच्या मालकाकडे. बालवाडीच्या स्वयंपाकघरात. कुणी म्हटलं मामा या, की मी गेलो. सगळीकडे हिला असंच…" 

फ्यूजताईंनी मघाचा ठसका बाजूला ठेवला. "उठा मामा," त्या म्हणाल्या. "बालवाडी आधी. मेन स्विच बंद करून येऊ, मग इथलं बघते."

दोघं तसेच निघाले. मामा चपला घालायलाही थांबले नाहीत.

पुढे अंगण खणलं, तांब्याची पट्टी पुरली आणि मला तिच्याशी घट्ट जोडलं. गीझर भंगारात गेला. वीज जराशी गळली तरी लगेच बंद पाडणारा स्विच मीटरशेजारी बसला. आता फ्रिजला कुणीही ओल्या हाताने धरावं. जमिनीचा थंड स्पर्श मला पहिल्यांदा झाला, तेव्हा वाटलं, आता तरी शांत झोप लागेल.

पण नाही लागत. बालवाडीची भिंत फोडली, काकूंची फोडली, मालकांनी बरीच कटकट केली पण त्यांचीही फोडली. मामा पुढे होऊन हात जोडायचे, फ्यूजताई काम करायच्या. काही घरांत त्यांना चहा मिळाला, काही ठिकाणी वाट्टेल ते ऐकावं लागलं. एक घर मात्र राहिलं. कुणा ओळखीच्याच्या ओळखीच्याकडे मामांनी फार पूर्वी एकदा वायरिंग करून दिलं होतं. खिडकी पिवळी होती एवढं आठवतं; गल्ली आठवत नाही, माणसाचं नाव आठवत नाही. दुकान बंद झालं की मामा रोज नव्या रस्त्याने फिरतात, अनोळखी घरांच्या मागच्या बाजूला डोकावतात, लोकांची बोलणी खातात. इथे आले की आई नुसती नजरेने विचारते आणि ते नकारार्थी मान हलवतात.

म्हणून हे सगळं तुम्हाला सांगतेय. तुमच्या घरातही कुणा हौशी, मायाळू माणसाने हसत हसत वायरिंग करून दिलं असेल. पत्र्याला हात लागल्यावर बोटांना मुंग्या येत असतील आणि तुम्ही त्याची गंमत करत असाल. गंमत करू नका. मेन स्विच बंद करा आणि जाणत्या माणसाला बोलवा. आणि कधी संध्याकाळी एखादा थकलेला माणूस तुमच्या दारात येऊन चाचरत म्हणाला, "तुमची भिंत जरा फोडू द्याल का?" तर त्याला वेडा समजू नका. आत घ्या. तो मामा असेल.