मीराबाईच्या नावाची सही

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी फादर बेनेडिक्ट चर्चच्या हॉलमध्ये वेगवेगळ्या धर्मांची माणसं बोलवायचे. जरीकाम करणारे एक मुसलमान चाचा, एक जैन शिक्षिका, दोन सिस्टर आणि सुरतेच्या नवागाम वस्तीतली मीराबाई. सिस्टरांच्या शिवणवर्गामुळे ती तिथं गेली, मग तिला ऐकण्याची गोडी लागली.

जानेवारीत फादर तिला म्हणाले, "पुढच्या वेळी तुम्ही बोला, बाई. तुमच्यात प्रार्थना कशी करतात ते सांगा."

"आम्ही बौद्ध, फादर. आमच्यात देवाजवळ मागणंच नाही. मी काय बोलू?"

फादर हसले. "हेच बोला की."

महिनाभर भाकऱ्या थापताना ती मनातल्या मनात बोलत होती. सासऱ्यांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली, तिथून सुरुवात करायची. चाळिशी उलटली तरी तिला 'तू बोल' असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

पण ते नव्याण्णव साल होतं. नाताळात डांगकडे चर्च जाळली गेली होती आणि सुरतेतही कोण कुठं जातं याच्यावर लोकांची नजर होती. बैठकीला चार दिवस राहिले असताना सुकलाल घरी आला. तो पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमधला ठेकेदार, मूळचा धुळ्याकडचा. मीराबाईच्या नवऱ्याला, नागनाथला, त्यानंच कामाला लावलं होतं.

"वहिनी, एक सही करनी शे, बस," म्हणत त्यानं कागद पुढं केला.

कागद गुजरातीत होता. नववीतल्या प्रज्ञानं तो वाचून आईला मराठीत सांगितला. "आम्ही हिंदू. फादरनी शिलाई मशीनचं आमिष दाखवून आम्हाला ख्रिस्ती व्हायला सांगितलं."

"आम्ही हिंदू नाही आणि त्यांनी तसं कधी सांगितलं नाही," मीराबाई म्हणाली. "मी सही करणार नाही, भाऊ."

सुकलालनं मान खाली घातली. "माले बी वरथून सांगेल शे, वहिनी. शनवारलोंग कागद नही भेटना, तं सोमवारी नागनाथले गेटवरूनच परत धाडतीन."

नागनाथ भिंतीला टेकून बसला होता. त्या चार दिवसांत मीराबाईनं तीनदा विषय काढला आणि तिन्ही वेळा तो उठून बाहेर गेला.

शनिवारी सुकलाल गल्लीत भेटला. "बरं व्हयनं वहिनी, सही दी टाकी तुम्ही."

ती घरी आली. "माझ्या नावानं तुम्ही सही केली?"

"मग काय करू? पोरीला शाळेतून काढू?" नागनाथ ओरडला, आणि लगेच त्याचा आवाज बसला. "मला तरी कुठं बरं वाटतंय?"

रविवारी ती चर्चला गेली. फाटक बंद होतं. बाहेर खुर्ची टाकून पोलीस बसला होता. फादर फाटकापर्यंत आले, पण त्यांनी कडी काढली नाही.

"बैठका बंद केल्या, बाई. बिशपांनी सांगितलं. तुम्हा लोकांनाच त्रास नको."

"तो कागद खोटा आहे. मी सही केलेली नाही. लिहून देते."

"तो कागद पोलिसांनी मला दाखवला. मी विश्वास ठेवला नाही." फादरांनी आवाज खाली आणला. "पण लिहून देऊ नका. सही तुमची नाही म्हटलं, की कुणाची ते विचारतील. नागनाथ अडकेल."

हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं फाटकाचा गज धरला.

"मग मी बोलायचं कुठं, फादर?"

"इथं नका येऊ," एवढंच ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मीराबाईला मात्र त्या क्षणी त्यांचाही रागच आला. नवऱ्यानं न विचारता सही केली, यांनी न विचारता फाटक लावलं, आणि दोघेही म्हणत होते, तुमच्याच भल्यासाठी.

सोमवारी नागनाथ कामाला गेला. पुढच्या आठवड्यात त्या कागदावरून चौकशी लागली आणि महिन्याभरात फादरांची बदली झाली. जाताना ते कुणाला भेटले नाहीत.

मीराबाई अकरा दिवस नवऱ्याशी बोलली नाही. बाराव्या दिवशी प्रज्ञा तापानं फणफणली. दवाखान्यात कुणी न्यायचं, घरी कुणी थांबायचं, ते ठरवावं लागलं. खोली एकच होती. तिनं विचारलं, "मिलमध्ये पाळी कधीची आहे तुमची?"

"दुपारची," तो म्हणाला.