सकाळची कवळी

माझ्या बाबांच्या मते जगात दोनच जातीची माणसं आहेत: सहाच्या आधी उठणारी आणि वाया गेलेली. मी वाया गेलेली. घरात मला ‘घुबड’ म्हणूनच हाक मारतात. पाहुण्यांसमोर जरा लाज वाटली तर ‘आमचं रात्रीचं प्रकरण’.

आमचा धंदा कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, त्यावरून आम्ही प्लास्टरचा जबडा ओततो, त्याच्यावर मेणात दात लावून बघतो आणि मग पक्की कवळी करतो. खोली एक, टेबल एक, म्हणून पाळ्या लावलेल्या. पहाटे पाच ते दुपारी एक माझा मोठा भाऊ. दुपारी दोन ते रात्री दहा मी.

दादा म्हणजे सद्गुणांचा पुतळा. चारला उठतो, गार पाण्याने अंघोळ करतो आणि पाचला शटर असं धाडकन वर करतो की अख्ख्या गल्लीला कळावं, कोणीतरी कर्तबगार माणूस जागा झालाय. शटर वर गेल्यावर पुढे काय होतं, ते मात्र कोणी विचारत नाही. मी दुपारी पोचते तेव्हा सकाळची तीन कामं जशीच्या तशी, चहाचे दोन उष्टे कप आणि दादाच्या गालावर वहीच्या तारेचे वळ. ती कामं मी उरकते. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा ती पोचवून येतो. डॉक्टर बाबांना फोन करतात, "काय सुरेख काम, आणि तेही सकाळी सकाळी!" बाबांचा ऊर भरून येतो. मी तेव्हा अंथरुणात असते, म्हणजे ऐतखाऊ.

चालवून घेतलं मी हे सगळं. आपलेच दात, आपलेच ओठ. पण यंदा बाबांचे हात थरथरायला लागले आणि त्यांनी जाहीर केलं, वर्कशॉप आता एकाच्या नावावर करणार, दुसऱ्याने त्याच्या हाताखाली राहायचं. दादाच्या हाताखाली? बारा वर्षं घातलीत मी त्या टेबलावर. मला वर्कशॉप हवं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त हे हवं होतं की बाबांनी एकदा, फक्त एकदा म्हणावं, पोरी, चांगलं काम करतेस.

आई म्हणाली, "एवढा काथ्याकूट कशाला? तुमची कवळी नाहीतरी सैल झालीय. दोघांना एकेक करू दे. ज्याची बसेल त्याचं वर्कशॉप."

बाबा लगेच कबूल झाले. त्यांच्या दृष्टीने निकाल लागलेलाच होता.

त्यांच्या जबड्याचे दोन साचे ओतून वर्कशॉपमधल्या ‘घरच्या’ फळीवर ठेवले. त्या फळीवर घरातल्याच माणसांचे जबडे असतात, खाली पेन्सिलीने नुसतं आडनाव. दादाने दोन पहाटेत काम संपवलं आणि तसं तीनदा बोलूनही दाखवलं. मला चार संध्याकाळी लागल्या. लग्नाच्या फोटोत बाबांचा पुढचा एक दात किंचित तिरका दिसतो. तोसुद्धा मी तसाच तिरका बसवला.

परीक्षा रविवारी, सकाळी सातला. सातलाच! दहाला ठेवली असती तर माझा वशिला लागल्यासारखं झालं असतं ना.

आधी दादाची. बाबांनी ती तोंडात घातली, अंगठ्याने दाबली, तिरकी करून बघितली. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"जरा आवळतेय," ते म्हणाले, "नवी आहे ना." एवढं म्हणेपर्यंत ती बशीत येऊन पडली.

आईने ती उचलली, उलटीपालटी केली, नळाखाली धुतली, स्वतःची काढून ही घातली आणि सफरचंदाचा कर्रकन लचका तोडला.

"अगंबाई! ही तर माझी!"

पहाटेच्या झोपेत दादाने फळीवरून आईचा जबडा उचलला होता!

"चाळीस वर्षं माझ्या तोंडचा शब्द पळवताय," आई बाबांना म्हणाली, "आता दातही का?"

मला हसू आवरेना. दादा छताकडे बघत राहिला.

मग माझी. चपखल बसली. बाबांनी सफरचंद खाल्लं, पावाची कडक कड खाल्ली, मग मोठ्याने "शिस्त, सशक्त, शिरस्ता" म्हणून बघितलं. शिट्टी नाही, खडखड नाही. आरशात बघताना तो तिरका दात दिसला तसं त्यांनी त्याला हळूच बोट लावलं.

"बरी आहे," बाबा म्हणाले. "पण रात्रीची केलीस. सकाळच्या ताज्या डोळ्यांनी केली असतीस तर आणखी छान झाली असती."

"आणि दादाची?"

"त्याची कुठे वाया गेली? आईला बसली ना? सकाळचं काम वाया जात नाही."

किल्ल्या दादाच्या हातात पडल्या. पाचला शटर उघडायला माणूस लागतो, म्हणे. माझेच दात घालून त्यांनी मला हे सुनावलं, आणि एक अक्षर घसरलं नाही. काम चोख होतं ना!

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. दोन चौक पलीकडच्या डॉक्टरीणबाई कधीपासून म्हणत होत्या, आमच्या मागच्या खोलीत संध्याकाळी कवळ्या करायला बसशील का. पहाटे ठरवलं, जायचं. साडेपाचला मी माझी हत्यारं आणायला वर्कशॉपवर गेले. शटर वर, सगळे दिवे चालू, आणि दादा टेबलावर डोकं टेकून घोरतोय. शेजारी बाबा. स्वतःचा स्वेटर काढून त्याच्या खांद्यावर घालत होते.

"बाबा, हा झोपलाय."

"शू! हळू बोल. चारला उठलाय बिचारा."

रागाने मला रडूच फुटणार होतं. मी माझ्या सुऱ्या, ब्रश, मेणाचा दिवा पिशवीत भरला. बाबांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्यांचा चेहरा उजळला. माझ्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "साडेपाचला तू? शाब्बास पोरी! बघ, मनावर घेतलं की जमतं."

आयुष्यातली पहिली शाब्बासकी. पिशवी खांद्याला लावली आणि घरी जाऊन झोपले.