माझ्या भेगेतलं पीठ

मित्रांनो, मी एक जुनी काठवट आहे. भाकरीचं पीठ मळायचं लाकडी, पसरट भांडं. तुमच्या घरी आता परात असेल, म्हणून सांगितलं. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की शेवटी एकच रडगाणं गातात: आम्हाला अडगळीत टाकलं, आमची कदर केली नाही. माझं रडगाणं उलटं आहे. मला कोणी टाकलं नाही. मला फार जपलं. आणि त्या जपण्यापायी एका मुलीची तब्येत मातीत गेली.

चौक गावाच्या कडेला एक बौद्ध वस्ती आहे. १९५६ साली वस्तीने दीक्षा घेतली, कोनाड्यातले देव नदीत सोडले. त्याच वर्षी पडलेल्या फणसाच्या झाडापासून सखाराम सुताराने मला कोरलं. ठकूबाई म्हणून घरातली म्हातारी होती. तिने मला आपल्या सुनेच्या, मालनच्या हातात दिलं आणि म्हणाली, "देव गेलं, भाकरी ऱ्हायली. हिला जप गं." म्हातारी पुढे वारली, पण मालनने तो शब्द सोडला नाही.

मालनची मुलगी मोती. ती लहान असताना माझ्यात फक्त तांदळाची उकड मळली जाई. वाफा निघत, मालनचे तळवे लाल होत, आणि मोती कडेला बसून उकडीचा गोळा पळवी. गुटगुटीत पोर होती. खोटं सांगत नाही, मला तिचा फार लळा होता.

मोतीचा बाप कोंडीराम माथेरानच्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात कामाला होता. चौकहून पायवाटेने डोंगर चढायचा आणि आठवड्याने उतरायचा. मोती सहा वर्षांची असताना एकदा तो गव्हाच्या पिठाची पिशवी घेऊन आला. आमच्याकडे तेव्हा चपाती सणाला किंवा पाहुण्याला. कोंडीराम म्हणाला, "वर सायबांच्या पोरी रोज चपात्या खात्यात. मी लाटतो, त्या खात्यात. माझ्या पोरीनं का नाय खायाच्या?"

त्याचं काय चुकलं, सांगा. त्याला आपली मुलगी कुणापेक्षा कमी नको होती. त्या दिवशी माझ्यात पहिल्यांदा कणीक मळली गेली, आणि मलाही मोठा मान मिळाल्यासारखं वाटलं. कोंडीराम आता दर वेळी पीठ, पाव, खारी असं काहीतरी आणू लागला.

वर्षभरात मोतीचं पोट पुढे आलं आणि हातपाय काड्यांसारखे झाले. तोंडात फोड. दिवसातून सहा-सात वेळा बांधाकडे पळायची. शाळेत बाकावरून सारखी उठते म्हणून मुलं हसत. हसणाऱ्यांत गुणी म्हणवणारी पोरंही होती. पाचवीत तिची शाळा सुटली. खाल्लेलं अंगी लागत नाही म्हणून मालन तिला आणखी खायला घाली. शेजारची गंगाबाई म्हणाली, "गव्हाचं सत्त्व दे. अशक्ताला त्याच्यावानी दुसरं काय नाय."

मालनने तीन दिवस गहू भिजवले, पाट्यावर वाटले, फडक्यातून गाळले आणि खाली बसलेला साका माझ्यात पसरून उन्हात वाळवला. चमचा चमचा दुधात शिजवून लेकीला भरवला. आईच्या हातचं, मायेने केलेलं. विष कुठल्या हाताने येईल याचा नेम नसतो. याच उन्हात मला भेग पडली. केसाएवढी होती, कुणाला दिसली नाही. मीही बोलले नाही. मला बोलता येत नाही हे खरं, पण ही सबब मला स्वतःलाच पटत नाही.

मोती पंधरा वर्षांची झाली तेव्हा कर्जतच्या डॉक्टरने चिठ्ठी देऊन तिला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे रोगाचं नाव कळलं, सिलियाक. हिच्या आतड्याला गहू सोसत नाही, कणभरही पोटात गेला की आतडं आतून सोलवटतं, असं त्यांनी सांगितलं. गहू जन्मभर बंद, भात आणि तांदळाची भाकरी खुशाल द्या.

कोंडीराम घरी येऊन भिंतीला टेकून बसला. "आमच्या नशिबाची भाकरीच," एवढंच बोलला.

गहू बंद झाला. चार महिन्यांत मोतीच्या गालांवर मांस आलं, केस दाट झाले. वर्षभर ती बरी होती, पुन्हा शाळेत जाऊन बसली. ते तिचं एकच चांगलं वर्ष.

पण कोंडीराम घरी आला की त्याच्यासाठी चपात्या व्हायच्याच. त्या माझ्यात मळायच्या, मग पाण्याचा एक हात फिरवून मोतीची भाकरीही माझ्यातच. कणीक माझ्या भेगेत बसत होती. मोतीचं पोट मधूनमधून बिघडे आणि मालन म्हणे, "काय खाल्लंस गं बाहेर?" मोती बिचारी शपथा घेई.

तेवढ्यात दुसरंच सुरू झालं. बेंबीच्या उजवीकडे कळ, संध्याकाळचा ताप, शौचातून रक्त, बसायच्या जागी वाहतं गळू. हा नवा रोग होता. पण घरातल्यांना वाटलं, जुनाच परत आला. गंगाबाईने निकाल दिला. "दोन वर्सं गहू बंद, तरी पोर तशीच. डॉक्टरला काय डोंबल कळतंय?" कोंडीरामने दुसऱ्याच दिवशी पीठ आणलं. नवरा-बायको दोघांच्याही चेहऱ्यावर काय आनंद होता! मला तो आनंद अजून माफ करता येत नाही.

आता दोन्ही रोग मिळून तिला खाऊ लागले. एका डॉक्टरने आतड्याचा क्षय म्हणून दीड वर्ष इंजेक्शनं दिली. मोतीला स्थळ आलं होतं, ते मोडलं. शेवटी यंदा, १९७९ साली, मुंबईच्या त्याच दवाखान्यात तिचं पोट उघडून आतड्याचा एक तुकडा काढला. क्षय नव्हताच. दुसऱ्या रोगाचं नाव क्रोन्स.

घरी आल्यावर मालन गंगाबाईला सांगत होती, "मी डॉक्टरीणबाईंना म्हनलं, एका पोटात दोन रोग कसं मावतील? त्या म्हनल्या, मावलेत. गहू सोडला की एक गप बसंल. दुसरा त्याच्या मर्जीनं येनार-जानार. एकाचा राग दुसऱ्यावर काढू नका."

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक विचारलं होतं, पीठ कशात मळता? लाकडी असेल तर टाकून द्या. हे मात्र मालनने गंगाबाईला सांगितलं नाही. तिने मला राखेने घासलं, उकळतं पाणी ओतलं, आठ दिवस उन्हात ठेवलं आणि पुन्हा चुलीपाशी घेतलं. सासूने दिलेली वस्तू ती कशी टाकणार?

काल मोतीने तिला माझ्यात भाकरी मळताना पाहिलं.

"आई, ही टाकायला सांगितली व्हती."

"धुतलीय गं. तुज्या आजीची हाय."

"आजीची वस्तू ऱ्हायली आनि नात गेली, आसं लोकांनी म्हनायचं का?"

ती ओरडली नाही. पोटावर हात धरून, वाकून उभी होती. मालननेच उठून कोयता आणला. पहिल्याच घावाला मी भेगेवर दुभंगले. आत पांढरं होतं. वर्षानुवर्षांची कणीक, थरावर थर, वाळून चुन्यासारखी झालेली. मालनने ती नखाने खरवडली, बोटावर घेतली आणि लेकीला दाखवली.

मित्रांनो, वस्तू जपा असं तुम्हाला शाळेत शिकवतात. जपा. पण कुणी म्हणालं की मला हे सोसत नाही, तर आधी त्याचं ऐका, मग वस्तूचं बघा. आणि एकदा पथ्य पाळूनही बरं वाटलं नाही म्हणून आजाऱ्याला खोटं पाडू नका. मोतीला बारा वर्षं खोटं पाडलं, आणि त्यात मीही होते.

माझा अर्धा भाग काल चुलीत गेला. त्यावर पाणी तापवून मालनने मोतीचं पोट शेकलं. कळ थोडी उतरली म्हणे. एवढ्या वर्षांत माझ्यामुळे तिच्या पोटाला बरं वाटलं ते कालच. दुसरा रोग आहे, तो परत येणारच आहे. माझा उरलेला अर्धा भाग चुलीशेजारी पडून आहे. फणसाचं लाकूड आहे, चांगलं जळतं.